ओव्हनमधला इटालियन मासा पाणचट का होतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फ्रोझन बासाचे फिले (काटे काढलेले सपाट तुकडे) आणले, त्यावर चिरलेला टोमॅटो, डब्यातले काळे ऑलिव्ह, लिंबाच्या चकत्या, 'इटालियन सीझनिंग'ची पुडी आणि ऑलिव्ह तेल घातलं, आणि सगळा ट्रे ओटीजीमध्ये १८० अंशांवर अर्धा तास ठेवला. ट्रेमध्ये तळं साचलं, मासा गिळगिळीत झाला आणि चव पिझ्झाच्या पुडीसारखी लागली. आता आणखी काय घातलं म्हणजे चव इटालियन होईल, असं तुम्ही विचारलं आहे.

आणखी काही घालू नका. तुमच्या ट्रेमध्ये मसाला कमी नव्हता, पाणी जास्त होतं. टोमॅटोचं पाणी, बर्फाचं पाणी आणि जास्त वेळ भाजल्यामुळे माशाने सोडलेलं पाणी, या तिन्हींत मिळून मासा उकडला गेला. अशा माशाला कुठलीही चव चिकटत नाही. मी इटलीत लिगुरियाच्या किनाऱ्यावर एका छोट्या खाणावळीच्या स्वयंपाकघरात काम केलं आणि आता पुण्यात स्वयंपाकाचे वर्ग घेते. वर्गाला येणाऱ्यांपैकी बहुतेकांची गाडी याच ठिकाणी अडकलेली असते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

एक आधीच सांगते. मासा कुठला, फिले आहे की अख्खा, जाडी किती आणि तुमचा ओव्हन खरोखर किती तापतो, यावर पुढचे सगळे आकडे हलतात. ओटीजीच्या चकतीवरचे अंश फार मनावर घेऊ नका. लहान ओटीजीमध्ये चकती २०० दाखवत असताना आत १७० असणं अगदी शक्य आहे, आणि दार उघडलं की आतली गरम हवा क्षणात बाहेर जाते. ओव्हनमध्ये ठेवायचा थर्मामीटर स्वस्तात मिळतो, तो घ्या. महागड्या ऑलिव्ह तेलाच्या बाटलीआधी घ्या.

आता पाण्याकडे. माशाचं मांस कोंबडी-मटणापेक्षा नाजूक असतं. त्यातली प्रथिनं ४० अंशांच्या आसपासच आकसायला लागतात, आणि आतलं तापमान ६० च्या पुढे गेलं की धरून ठेवलेलं पाणी ती झपाट्याने सोडतात. माशावर पांढरा, दह्याच्या चोथ्यासारखा साका दिसतो ना, तो याच पाण्याबरोबर बाहेर आलेल्या आणि गोठलेल्या प्रथिनांचा. थोडा दिसला तर हरकत नाही, पण भरपूर दिसला तर मासा जास्त शिजला असं समजायचं. दीड सेंटिमीटर जाडीच्या बासाला अर्धा तास म्हणजे गरजेच्या दुपटीहून जास्त. कॅनडाचा नियम म्हणून ओळखला जाणारा एक ठोकताळा आहे: कडक तापलेल्या ओव्हनमध्ये, म्हणजे सुमारे २३० अंशांवर, सर्वांत जाड जागी मोजलेल्या दर इंचाला १० मिनिटं. घरगुती ओव्हनमध्ये २१०-२२० अंश धरा. तुमच्या बासाला ८ ते १० मिनिटं पुरतात.

पण १० मिनिटांत टोमॅटो कुठे शिजतो? बटाटा तर कच्चाच राहतो. म्हणून लोक मासा जास्त वेळ ठेवतात आणि घोटाळा होतो. इटालियन घरांतली युक्ती मसाल्यात नाही, क्रमात आहे. ज्याला वेळ लागतो ते आधी ओव्हनमध्ये जातं, मासा सर्वांत शेवटी. हे एकदा पटलं की पाककृती पाठ करायची गरज उरत नाही.

बासाबद्दल थोडं. हा गोड्या पाण्यात पाळलेला मासा आहे. मूळचा व्हिएतनाममधल्या मेकाँगच्या खोऱ्यातला. आता त्याच कुळातला मासा आंध्र प्रदेशातही मोठ्या प्रमाणावर पाळतात. त्याला स्वतःची चव फार कमी. शिवाय गोठवताना वरून बर्फाचा थर चढवतात आणि पुष्कळदा पाणी धरून ठेवणारे फॉस्फेट क्षारही घालतात. पाकिटावर ४५१ किंवा ४५२ असे क्रमांक दिसले तर ते हेच. असा मासा ओव्हनमध्ये गेला की धरलेलं पाणी सोडतो. म्हणून तो आदल्या रात्री फ्रिजमध्ये जाळीवर ठेवून हळूहळू वितळू द्या, खाली ताटली ठेवा. पाण्यात बुडवून वितळवू नका. मग स्वच्छ पंचात गुंडाळून हलक्या हाताने दाबा. पंचा किती ओला होतो ते बघून तुमचा तुम्हालाच उलगडा होईल. नंतर अर्धा किलोला साधारण एक सपाट चमचा मीठ दोन्ही बाजूंनी लावून वीस मिनिटं ठेवा आणि सुटलेलं पाणी पुन्हा टिपून घ्या. फॉस्फेटवाल्या माशात मीठ आधीच असू शकतं, तिथे अर्धा चमचा पुरे. या मिठाने मांस थोडं घट्ट होतं आणि चव आतपर्यंत जाते. धुवायचं नाही. लिंबू लावून ठेवायचं तर मुळीच नाही. आपल्याला वास मारायला लिंबू-हळद लावायची सवय असते, पण आंबटाने नाजूक माशाचा वरचा थर ओव्हनमध्ये जाण्याआधीच पांढरा पडतो आणि भुसभुशीत होतो.

जमलं तर बासा सोडाच. जिताडा मिळाला तर याहून चांगलं काही नाही. अलिबागकडे त्याचं कौतुक आहेच, गोव्यात त्याला चोणक म्हणतात, आणि इटलीत ज्याला ब्रान्झिनो म्हणतात त्या सी बासच्या जागी तो चपखल बसतो. तांबोशी चालते. रावस चालतो, तो थोडा तेलकट आणि गुलाबी असतो, पण त्याच्या पाकळ्या सुरेख सुटतात. अख्खं पापलेट फार छान होतं. इटलीत पापलेट नाही, पण रोंबो नावाचा चपटा मासा आहे आणि तो ते बटाट्यावर ठेवून भाजतात, तसंच हे करायचं. सुरमई कोरडी पडते, तिला तवाच बरा. बोंबलाचं नावही काढू नका, त्याच्यात पाण्याशिवाय आहे काय! परदेशात असाल तर हेक, कॉड, हॅडक किंवा सी बास घ्या. तिथला साधा फ्रोझन हेकही आपल्याकडच्या बासापेक्षा चवीला उजवा असतो.

आता 'इटालियन चव'. त्या पुडीत ओरेगानो, तुळशीच्या कुळातलं बेसिल, रोझमेरी, थाइम असं सगळं एकत्र वाळवलेलं असतं. मी ज्या स्वयंपाकघरात होते तिथे अशी पुडी पाहिली नाही. तिथे प्रत्येक भागाचा माशाबरोबरचा ठरलेला सोबती असतो, आणि एका ट्रेमध्ये एकच मेळ. लिगुरियात बटाटे, छोटे ताज्जास्का ऑलिव्ह, पाइन नट आणि पांढरी वाइन. लिव्होर्नोमध्ये टोमॅटो, लसूण आणि पार्सली. सिसिलीतल्या मेस्सिनाकडे टोमॅटोबरोबर केपर (खारवलेल्या छोट्या कळ्या), ऑलिव्ह, कांदा आणि सेलरी. नेपल्सकडे आक्वा पाझ्झा: चेरी टोमॅटो, लसूण, पार्सली, तेल आणि थोडं पाणी. हा कोळ्यांचा पदार्थ, १९६० च्या दशकात काप्री बेटावर येणाऱ्या श्रीमंत पर्यटकांमुळे त्याला चांगले दिवस आले. पुलियात बटाट्यांच्या दोन थरांमध्ये मासा आणि वर पावाचा चुरा आणि पेकोरिनो चीज. हो, चीज. मासा आणि चीज एकत्र करायचं नाही हा इटालियन दंडक तुम्ही ऐकला असेल, तो बऱ्याच अंशी खराही आहे, पण पुलियातल्या आज्यांना तो कुणी सांगितलेला दिसत नाही.

यातला कुठलाही एक मेळ घ्या आणि त्यातच राहा. रोझमेरी, केपर, चीज आणि टोमॅटो सगळं एकाच माशावर घातलं तर फक्त गोंधळ लागतो.

माशाबरोबरची मुख्य हिरवी गोष्ट म्हणजे पार्सली, बेसिल नव्हे. सपाट पानाची पार्सली मोठ्या भाजीबाजारांत मिळते. नाही मिळाली तर वगळा. कोथिंबीर घातलीत तर पदार्थ वाईट होत नाही, पण तो दुसऱ्याच गावाला जातो. ओरेगानो मात्र वाळलेलाच चांगला, सिसिलीत तो काड्यांसकट वाळवलेला विकतात. तळहातावर चुरडून घाला आणि चिमटीपलीकडे जाऊ नका. बेसिल वापरायचंच असेल तर मासा बाहेर काढल्यावर, कारण ओव्हनमध्ये ते काळं पडतं.

लसणाची पेस्ट नको. आलं तर नकोच. पाकळी ठेचून तेलात मंद आचेवर सोनेरी करायची आणि हवी तर काढून टाकायची. बारीक चिरलेला लसूण २२० अंशांवर माशाच्या वर उघडा ठेवला तर जळून कडू होतो, म्हणून तो टोमॅटोच्या खाली दडलेला असू द्या. लिंबाच्या चकत्या फोटोत छान दिसतात, पण आपल्या कागदी लिंबाची साल भाजताना कडवटपणा सोडते. रस शेवटी पिळा, तोही थोडा.

डब्यातले एकसारखे काळेभोर, चकत्या केलेले ऑलिव्ह हे बहुतेक वेळा कच्चे तोडून, प्रक्रिया करून काळे केलेले असतात. रंग टिकावा म्हणून त्यात लोहाचा एक क्षार घालतात. त्यांना चव जवळपास नसते. त्याऐवजी बिया असलेले, खाऱ्या पाण्यातले हिरवे किंवा जांभळट कालामाता ऑलिव्ह घ्या. ग्रीक आहेत म्हणून कुणी रागावणार नाही. केपर व्हिनेगरमधले असतील तर पाण्यातून काढून पिळून घ्या. केपरला आपल्याकडे पर्याय शोधत बसू नका, नसतील तर ऑलिव्ह थोडे वाढवा. अँचोव्हीची, म्हणजे खारवलेल्या छोट्या माशाची, एखादी फीत गरम तेलात विरघळवली तर रश्श्याला जी खोली येते ती सुक्या जवळ्याने येत नाही. तो प्रयोग वर्गातल्या एका उत्साही काकांनी केला होता, आणि त्या दिवशी इमारतीतल्या सगळ्यांना आम्ही काय शिकवतो ते कळलं.

तर आता तुमच्याच सामानाची नव्याने मांडणी करू. चौघांसाठी ६०० ग्रॅम फिले धरा.

अर्धा किलो टोमॅटो घ्या. चेरी असतील तर अर्धे करा. साधे असतील तर बाजारातले कडक, लांबट घ्या. गावरान टोमॅटो आंबट आणि फार रसाळ असतो. बियांचा गर काढून मोठ्या फोडी करा. ओव्हन २२० वर, वरचा आणि खालचा दोन्ही रॉड लावून, किमान पंधरा-वीस मिनिटं तापू द्या. पसरट, उथळ ट्रे घ्या. खोल भांड्यात वाफ कोंडते. टोमॅटो, ठेचलेला लसूण, तीन मोठे चमचे तेल, चिमूटभर मीठ आणि ओरेगानो ट्रेमध्ये एका थरात पसरून २० ते २५ मिनिटं भाजा, फोडी आकसून कडेने थोड्या करपेपर्यंत. ट्रेमध्ये पातळ पाण्याऐवजी दाटसर, तेलाची झाक असलेला रस दिसला पाहिजे. तसा दिसेपर्यंत मासा आत जाणार नाही. इथे घाई केलीत तर पुढे काहीही केलं तरी तळं ठरलेलं.

मग ऑलिव्ह आणि केपर घाला. घरात कोरडी पांढरी वाइन असेल तर दोन-तीन चमचे घालून आणखी तीन-चार मिनिटं ठेवा म्हणजे तिचा कच्चा वास जाईल. वाइन नसेल किंवा चालत नसेल तर तेवढंच गरम पाणी आणि थेंबभर व्हिनेगर. आता टिपून कोरडे केलेले फिले टोमॅटोवर ठेवा. टोमॅटो माशाच्या खाली, वर नाही. वरून टोमॅटो लादला की मासा वाफेत सापडतो. फिल्याचं शेपटीकडचं पातळ टोक आत दुमडून घ्या म्हणजे जाडी सारखी होईल. वर तेलाचा हात फिरवा आणि ट्रे मधल्या कप्प्यात ८ ते १० मिनिटं ठेवा.

वर कुरकुरीत काही हवं असेल तर कालचा पाव किसून घ्या, पण तो चुरा आधी तव्यावर तेलात सोनेरी परता. १० मिनिटांत कच्चा चुरा तांबूस होत नाही, आणि तो होण्याची वाट बघताना मासा हातचा जातो. परतलेल्या चुऱ्यात पार्सली आणि किसलेली लसणाची कळी मिसळून शेवटच्या चार मिनिटांसाठी माशावर पसरा.

झालं की नाही हे घड्याळावरून ठरवू नका. पातळ सुरी किंवा लोखंडी सळई सर्वांत जाड भागात घाला, पाच-सहा सेकंद ठेवा आणि खालच्या ओठाला लावा. गार लागली तर कच्चा, छान ऊबदार लागली तर काढा, चटका बसला तर उशीर झाला. सळई जाताना मध्ये अडखळली तर अजून दोन मिनिटं. थर्मामीटर असेल तर मी समुद्रातला ताजा मासा ५५-५७ अंशांवर काढते, बाहेर दोन-तीन मिनिटांत तो स्वतःच्या उष्णतेने आणखी थोडा चढतो. घरात गरोदर बाई, लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल, किंवा माशाच्या ताजेपणाची खात्री नसेल, तर सुरक्षिततेसाठी सांगितले जाणारे ६३ अंश पाळा. बासा तिथपर्यंत नेला तरी फारसा बिघडत नाही, त्याचा तेवढा एक गुण आहे. त्याच्या पाकळ्या मात्र समुद्री माशासारख्या स्वच्छ सुटणार नाहीत; त्याची वाट बघत शिजवत राहू नका.

मासा ताटात काढल्यावर ट्रेमधल्या रसात एक चमचा कच्चं चांगलं तेल आणि लिंबाचे चार थेंब घालून काट्याने जोरात फेटा आणि माशावर ओता. चार चमचेच निघेल, पण सगळी चव त्यात आहे. तुमचं महाग तेल इथे वापरा, ओव्हनमध्ये जाणारं साधं चालतं.

अख्खा मासा करायचा असेल तर हेच तत्त्व बटाट्यावर लावा. बटाटे तीन-चार मिलिमीटरच्या चकत्या करून, मीठ-तेल चोळून २०० अंशांवर २५-३० मिनिटं, म्हणजे कडा तांबूस होईपर्यंत. मग त्यावर पाऊण किलोचा जिताडा किंवा तांबोशी. खवले आणि कल्ले काढलेले असावेत. पाठीच्या जाड भागावर दोन तिरक्या चिरा द्या, पोटात मीठ, लसूण आणि पार्सलीच्या काड्या भरा. भोवती ऑलिव्ह टाका. २० ते २५ मिनिटं. पाठीचा पर ओढल्यावर सहज हातात आला आणि चिरेतून दिसणारं मांस काट्यापासून सुटायला लागलं की तयार. पापलेट पातळ असतं, त्याला १२-१५ मिनिटं बास. खालचे बटाटे माशाचा सगळा रस पितात आणि आमच्या वर्गात मासा उरतो, बटाटे कधीच उरत नाहीत.

तुमचा ओटीजी फारच लहान असेल, किंवा कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह असेल ज्यात वरून रंगच येत नाही, तर त्याच्याशी भांडण्यात अर्थ नाही. सरळ कार्तोच्चो करा, म्हणजे कागदाच्या पुडीत बांधून भाजलेला मासा. आपण केळीच्या पानात मासा बांधतो तीच कल्पना. बेकिंगचा कागद घ्या. मेणाचा नको, तो वितळतो. ॲल्युमिनियमच्या फॉइलला टोमॅटो-लिंबू थेट लागू देऊ नका, आंबटाने ती खराब होते. एका कागदावर एक फिले, आधी शिजवून घट्ट केलेला चमचाभर टोमॅटो, दोन ऑलिव्ह, पार्सली, तेल. कडा घट्ट दुमडून २०० अंशांवर १२ ते १५ मिनिटं. इथे वाफ हवीच असते, म्हणून कमजोर ओव्हनलाही हा पदार्थ जमतो, आणि बासाचंही त्यात सर्वांत चांगलं होतं. पुडी पानावरच उघडा, तो वास स्वयंपाकघरात घालवू नका.

सोबत काय, हेही तुम्ही विचारलं आहे. तिकडे पास्ता आधी खाऊन संपतो आणि मासा नंतर वेगळा येतो, एका ताटात दोन्ही सहसा नसतात. घरी एवढं सगळं कोण करणार? कडक कवचाचा पाव घ्या, नाहीतर साधा पाव तव्यावर तेल लावून भाजा. भाताबरोबर हा रस अळणी वाटेल, कारण आपली जीभ भातावर आमटीची अपेक्षा करते. उरलेला मासा मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नका. दुसऱ्या दिवशी कुस्करून त्याच टोमॅटोत परता आणि स्पॅगेटीत घाला, डब्यालाही चालतो.

टोमॅटोवरचा मासा आणि कार्तोच्चो यांपैकी एक करून बघा, आणि कळवताना ओव्हन किती लिटरचा आहे आणि फिले किती जाड होते तेही लिहा. त्यावरून मिनिटं बदलून सांगता येतील.